उडालेल्या नत्राचा हिशेब

माझ्या कामातलं सगळ्यात साधं दिसणारं सूत्र एका ओळीत संपतं. शेतात पडलेला नत्र गुणिले उत्सर्जन गुणक, बरोबर हवेत गेलेला अमोनिया. गुणाकार शाळकरी पोरालाही येईल. एक्सेलमध्ये तर तेवढेही कष्ट नाहीत, एका चौकटीत लिहायचं आणि खाली ओढायचं. आणि तरीही माझ्या सगळ्या तक्त्यांमध्ये मला सगळ्यात कमी भरवसा कशाचा वाटत असेल तर तो याच रकान्याचा.

मी हवेतल्या प्रदूषकांचे ताळेबंद करते. कुठल्या क्षेत्रातून वर्षाकाठी किती सल्फर डायऑक्साइड, किती नायट्रोजन ऑक्साइडं, किती सूक्ष्म धूळ हे मांडायचं, आणि मग ते आकडे हवेची संगणकी प्रारूपं चालवणाऱ्यांच्या हवाली करायचे. वीजकेंद्राचं बरं असतं. त्याला धुराडं असतं, धुराड्यात यंत्र बसवता येतं, यंत्र रात्रंदिवस मोजत बसतं. शेताला धुराडं नाही. शेताची सगळी जमीनच धुराडं, आणि तेही वर्षातले काही मोजके दिवस चालू, एरवी बंद. हा तक्ता आमच्यात कोणी आनंदाने घ्यायला तयार नव्हतं. माझ्याकडे आला आणि राहिला.

अमोनियाची एवढी चिंता कशाला, असं लोक विचारतात. तो काही विषारी ढग होऊन गावभर फिरत नाही. हवेत गेला की काही तासांत नाहीतर फार तर काही दिवसांत कुठेतरी बसतो किंवा दुसऱ्या कशाला तरी चिकटतो. पण चिकटतो तोच त्रासाचा भाग. कारखान्यांच्या, वाहनांच्या धुरातून आलेल्या सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लाशी त्याची गाठ पडली की अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेटचे बारीक कण बनतात, अडीच मायक्रॉनहून लहान, थेट फुप्फुसात उतरणारे. म्हणजे शहरातल्या धुरक्याचा एक घटक शेतातून आलेला असू शकतो. शिवाय जिथे तो खाली बसतो तिथल्या रानातली, तळ्यातली नत्राची पातळी बिघडते, आणि त्यातला थोडा वाटा पुढे नायट्रस ऑक्साइड होऊन हरितगृह वायूंच्या यादीत जातो. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं हवामानबदलावरचं मंडळ, त्यांच्या पद्धतीत त्यासाठी एक टक्का धरतात. एवढं पुरे. आता खऱ्या विषयाकडे.

युरियाचा एक दाणा ओलसर मातीवर पडला आहे असं धरा. दाण्याला स्वतःला अमोनियाचा वास नसतो. त्यात ४६ टक्के नत्र आहे, पण तो बांधलेला. मातीतल्या सूक्ष्मजीवांनी आणि कुजत्या पिकाच्या अवशेषांनी युरिएज नावाचं एक विकर (एन्झाइम) मागे ठेवलेलं असतं, ते त्या रेणूला फोडतं. (विकरं म्हणजे प्रथिनंच असतात हे पहिल्यांदा दिसलं तेही याच युरिएजमुळे. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये त्याचे स्फटिक वेगळे केले. बरीच वर्षं कोणी मानलं नाही, मग १९४६ मध्ये नोबेल मिळालं.) या फोडाफोडीत मातीतले हायड्रोजन आयन खर्ची पडतात, म्हणून दाण्याच्या भोवतीचा सामू (पीएच) चढू लागतो. मातीपरीक्षणाच्या कागदावर शेताचा सामू ६.५ असला, तरी दाण्याला लागून असलेल्या काही मिलिमीटर मातीत तो ८.५ च्याही पुढे जाऊ शकतो.

आणि सगळी गंमत या सामूत आहे. अमोनियम आयन पाण्यात विरघळलेला राहतो, मातीच्या ऋणभारित चिकणकणांना धरून राहतो, उडत नाही. उडतो तो अमोनिया. दोघांमधलं प्रमाण सामू ठरवतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर शंभरात जेमतेम अर्धा भाग अमोनियाच्या रूपात असतो. सामू ८ झाला की पाच. ९ झाला की छत्तीस. म्हणजे सामूचा काटा दोन घरं सरकला की उडू शकणारा नत्र साठपटीहून जास्त. त्यात ऊन वाढलं की समतोल आणखी अमोनियाच्या बाजूला झुकतो. वारा असेल तर मातीवरची हवा सतत बदलत राहते आणि नव्या हवेला नवा अमोनिया लागतो. चिकणमाती असेल तर अमोनियमला धरायला जास्त जागा. रेताड जमिनीत ती कमी. वर पिकाचं पाचट पसरलेलं असेल तर दाणा मातीपर्यंत पोचतच नाही, आणि पाचटात युरिएज भरपूर.

मग पाऊस येतो. दहा-पंधरा मिलिमीटर आला तर विरघळलेला युरिया खाली उतरतो, तिथे फुटतो, वरच्या मातीचा थर त्याला अडवतो, आणि प्रकरण बऱ्यापैकी मिटतं. पण नुसता शिडकावा आला तर? दाणा विरघळण्यापुरतं पाणी मिळालं, खाली जाण्यापुरतं नाही. युरिएज कामाला लागलं, वरून दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. याहून वाईट योग नाही. ‘खत दिलं आणि पाऊस झाला, म्हणजे चांगलंच झालं’ हे वाक्य मी अहवालांत वाचते तेव्हा मला किती मिलिमीटर ते विचारावंसं वाटतं.

हे सगळं नाट्य आठवडा-दोन आठवड्यांत उरकतं. आणि माझ्या तक्त्यात त्याच्यासाठी एक आकडा असतो. एकच.

त्या आकड्यांकडे येते. युरोपात वापरली जाणारी ईएमईपी (हवेच्या प्रदूषणावर देखरेख ठेवणारा युरोपीय कार्यक्रम) आणि युरोपीय पर्यावरण संस्थेची जी मार्गदर्शिका आहे, तिच्या २०१६ च्या आवृत्तीत खतांच्या प्रकारानुसार, हवामानानुसार आणि जमिनीच्या सामूनुसार गुणक दिलेले आहेत. एक किलो नत्रामागे किती ग्रॅम अमोनिया, असे. मध्यम हवामान आणि ७ च्या वर सामू घेतला तर युरियाला १६८ ग्रॅम, डीएपीसारख्या अमोनियम फॉस्फेटांना ९४, कॅल्शियम अमोनियम नायट्रेटला १७. नत्र तोच, किलोही तोच, आणि युरिया व कॅल्शियम अमोनियम नायट्रेट यांच्यात दहापट अंतर. अमोनियम सल्फेटची ओळ मला विशेष आवडते. सामू ७ पर्यंत असेल तर ९२, त्याहून जास्त असेल तर १७०. युरिया स्वतःचा सामू स्वतः चढवून घेतो, त्यामुळे त्याला जमिनीच्या सामूने फारसा फरक पडत नाही, १५९ चे १६८ होतात. अमोनियम सल्फेट मात्र जमिनीवर अवलंबून. चुनखडीच्या जमिनीत त्यातलं सल्फेट कॅल्शियमशी जुळतं, मागे अमोनियम कार्बोनेट उरतं, आणि ते टिकाऊ नाही. रसायनशास्त्र असं तक्त्यात डोकावताना दिसलं की बरं वाटतं.

आता एक हिशेब करून बघू. समजा एखाद्या भागात वर्षाला १०,००० टन नत्र रासायनिक खतांतून पडतो. त्यातला ७,००० टन युरियातून, २,००० कॅल्शियम अमोनियम नायट्रेटमधून, १,००० डीएपीतून. वरचे गुणक लावले तर अमोनिया येतो १,३०४ टन. आता फक्त युरिया आणि कॅल्शियम अमोनियम नायट्रेटची अदलाबदल करा, ७,००० च्या जागी २,००० आणि उलट. येतात ५४९ टन. एकूण नत्रात एका किलोचाही फरक नाही. त्याच मार्गदर्शिकेतली सगळ्यात ढोबळ, ‘टियर वन’ म्हणतात ती पद्धत वापरली, म्हणजे खताचा प्रकार न बघता सरसकट किलोमागे ५० ग्रॅम, तर दोन्ही वेळा उत्तर एकच, ५०० टन. म्हणून कोणी माझ्याकडे ‘एकूण खतवापर’ नावाची एकच संख्या घेऊन आलं की मी ती बाजूला ठेवते आणि म्हणते, आधी प्रकार सांगा, मग बोलू.

एककांची गडबड तर विचारू नका. खताचं वजन वेगळं, त्यातल्या नत्राचं वेगळं: १०० किलो युरियात ४६ किलो नत्र, १०० किलो डीएपीत १८. त्यापुढचा खड्डा जास्त खोल आहे. काही गुणक अमोनियाच्या वजनात असतात, काही अमोनियातल्या नत्राच्या वजनात. मधला पूल १७ भागिले १४, म्हणजे १.२१. हा पूल विसरला तर आकडा पाचव्या हिश्श्याने चुकतो आणि डोळ्यांना अजिबात खुपत नाही, कारण एवढ्या फरकाचं या विषयात कोणालाच आश्चर्य वाटत नाही. युरियाचे १६८ ग्रॅम नत्राच्या भाषेत मांडले तर १३.८ टक्के होतात. आयपीसीसीच्या २०१९ च्या सुधारित आवृत्तीत युरियासाठी १५ टक्के आहे. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे इतके जवळ आले की समाधान वाटतं. पण तिथेही एक मेख: आयपीसीसीच्या त्या टक्क्यात अमोनियाबरोबर नायट्रोजन ऑक्साइडंही धरलेली आहेत. आणि त्याच ओळीत पुढे कंस आहे, तीनपासून त्रेचाळीसपर्यंत. त्या कंसाकडे परत येईन.

गुणक एकीकडे, दुसरीकडे ज्याला गुणायचं तो नत्र. तो कुठून येतो? बहुतेक ठिकाणी विक्रीच्या आकड्यांतून. विकलेलं खत म्हणजे पडलेलं खत नव्हे. वर्षअखेरीला गोदामात काही उरतं, पुढच्या वर्षी वापरलं जातं. भाव वाढणार अशी कुणकुण लागली की लोक आधीच घेऊन ठेवतात, आणि तक्त्यात त्या वर्षी अमोनिया उसळलेला दिसतो, शेतात काहीच झालेलं नसतं. युरियाचं तर आणखी एक: तो सगळा शेतात जात नाही. प्लायवूडचे गोंद आणि रेझिनं बनवायला जातो, गुरांच्या खाद्यात जातो, डिझेल गाड्यांच्या धुरातली नायट्रोजन ऑक्साइडं कमी करणाऱ्या द्रवात जातो. (त्या द्रवात साडेबत्तीस टक्के युरिया असतो.) हे वेगळं काढायला मिळालं तर नशीब.

आता गुणक मुळात येतात कुठून ते सांगते, कारण तक्त्यात छापलेला आकडा वेदवाक्य वाटू लागतो. माझा एक मित्र शेतात जाऊन प्रत्यक्ष अमोनिया मोजतो. त्याच्याकडे वायुबोगदे आहेत, महागडं लेझरचं यंत्रही आहे, पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्याच्या बाटल्यांनी. थंड पेयाची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, तळ कापलेली. ती मातीवर उभी. आत तारेला टांगलेली फोमची लांब पट्टी, सल्फ्युरिक आम्ल आणि ग्लिसरीनच्या द्रावणात भिजवलेली, तिचं खालचं टोक त्याच द्रावणाच्या छोट्या कुपीत. कापलेला तळ बाटलीच्या तोंडावर थोडा वर बसवलेला, पाऊस आत येऊ नये आणि हवा खेळावी म्हणून. मातीतून उठलेला अमोनिया वर जाता जाता फोमला चिकटतो, आम्लात अमोनियम होऊन बसतो. ठरावीक दिवसांनी फोम काढायचा, पाण्यात पिळायचा, प्रयोगशाळेत नत्र मोजायचा.

दिसायला खेळ, पण करायला चिकाटी लागते. हातमोजे हवेत, कारण घामातही अमोनिया. आसपास कोणी सिगरेट ओढायची नाही, धुरातही अमोनिया. एखादी कोरी बाटली खत न घातलेल्या जागेवर ठेवायचीच, नाहीतर प्रयोगशाळेच्या हवेतला अमोनिया खताच्या नावावर खपतो. आणि बाटलीखालचं क्षेत्र किती? साधारण ८० चौरस सेंटिमीटर. हेक्टरवर न्यायचं तर साडेबारा लाखांनी गुणायचं. हेक्टरी १०० किलो नत्राच्या मात्रेने त्या बाटलीखाली जो युरिया येतो तो पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे मोजके दाणे. दोन दाणे काठाबाहेर गडगडले की टक्केवारी हलली. म्हणून तो दाणे मोजत नाही, तोलून टाकतो, आणि एका वाफ्यात बऱ्याच बाटल्या मांडतो.

पण खरी अडचण वाऱ्याची. बाटलीत वारा नाही. बाहेर शेतावर वारा वाहत असतो आणि आत हवा जवळजवळ ठप्प, ऊनही वेगळं, दवही वेगळं. म्हणून बाटलीचा आकडा उघड्या शेताच्या आकड्याशी ताडून दुरुस्त करावा लागतो. वायुबोगद्यात वारा आपण घालतो, पण किती घालायचा ते आपणच ठरवतो, आणि आत पाऊस पडत नाही. सगळ्यात विश्वासाची पद्धत म्हणजे मोकळ्या शेताच्या मध्यभागी खांब रोवायचा, त्यावर वेगवेगळ्या उंचीवर अमोनिया पकडणारे नमुनायंत्र आणि वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं लावायची, आणि शेतावरून वाहून जाणारा अमोनिया उंचीनुसार मोजून बेरीज करायची. शेताला हात लावायचा नाही, फक्त वरून जाणारी हवा वाचायची. पण त्याला मोठं, सपाट, एकसारखं शेत लागतं, आणि शेजारी गोठा नको. तशी जागा मिळणं हीच मोठी गोष्ट.

एकदा मी त्याला विचारलं, “तुझ्या मोजणीत एकाच खताचा आकडा पाचपासून तीस टक्क्यांपर्यंत जातो. मी कुठला घेऊ?”

तो म्हणाला, “अगं, मी मोजलं ते त्या आठवड्याचं. तुझ्या तक्त्यात वारा वाहतो का?”

चिडायला हवं होतं, पण प्रश्न बिनतोड होता. २००२ मध्ये बाउमन आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या प्रयोगांतली १,६६७ मोजमापं एकत्र करून नेमका हाच वारा तक्त्यात आणायचा प्रयत्न केला होता. पीक, खताचा प्रकार, खत देण्याची पद्धत, सामू, मातीची अमोनियम धरून ठेवायची क्षमता, हवामान; प्रत्येकाला एक गुण, सगळ्यांची बेरीज, आणि ती बेरीज घातांकाच्या जागी. त्यातून जगातल्या रासायनिक खतांचा सरासरी १४ टक्के नत्र अमोनिया होऊन उडतो असं उत्तर आलं. मला त्या १४ पेक्षा त्यामागची मांडणी जास्त मोलाची वाटते. सरासरीला सगळे जण उचलून धरतात, आणि ती ज्या घटकांपासून बनली ते घटक कपाटात राहतात.

पाण्यात उभ्या भाताचं उदाहरण घ्या. तिथे युरिया मातीवर पडत नाही, पाण्यात पडतो. त्या उथळ पाण्यात शेवाळ असतं. दिवसा ऊन पडलं की शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पाण्याचा सामू दुपारपर्यंत ९ च्या वर जाऊ शकतो. रात्री पाण्यातले सगळे जीव श्वास सोडतात, सामू परत खाली. म्हणजे तेच शेत, तेच खत, दुपारी अमोनिया सोडतंय आणि पहाटे जवळजवळ गप्प आहे. आता त्याच युरियाच्या मोठ्या गोळ्या करून त्या चिखलात बोटभर खोल खुपसल्या तर वरच्या पाण्यात अमोनियम फारसं येतच नाही आणि हा सगळा दुपारचा खेळ टळतो. दोन्हींना तक्त्यात एकच गुणक लावला तर खोल खुपसणाऱ्याच्या पदरात काय पडलं?

वेळेचा प्रश्नही तसाच. प्रारूपवाल्यांना वर्षाचा आकडा नको असतो, तासाचा हवा असतो. पूर्वी काही ठिकाणी वार्षिक आकड्याला सरळ बाराने भागायची पद्धत होती. मग भर उन्हाळ्यात रिकाम्या शेतातून अमोनिया निघायचा आणि पेरणीनंतरच्या खऱ्या उसळीत तो कमी पडायचा. आता आम्ही पिकाच्या वेळापत्रकाने वाटणी करतो, पेरणीबरोबरचा हप्ता, मग वरखताचे हप्ते, आणि त्यावर रोजच्या तापमानाचा भार घालतो. धुरकं ज्या आठवड्यात होतं त्या आठवड्याचा आकडा बरोबर यावा एवढाच हेतू. वर्षाची बेरीज तीच राहते, त्यामुळे अहवाल वाचणाऱ्यांना यात काही केलं असं दिसतसुद्धा नाही.

वरून बघणारे उपग्रह आले तेव्हा वाटलं आता सुटलो. २००६ पासून सोडलेल्या मेटऑप उपग्रहांवरचं आयएएसआय हे उपकरण अवरक्त किरणांतून अमोनिया ओळखतं आणि स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेनऊच्या सुमारास डोक्यावरून जातं, रात्री पुन्हा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा निरीक्षणांची वर्षानुवर्षांची सरासरी काढून जगात अमोनियाची २४८ छोटी ठळक केंद्रं दाखवली होती. बहुतेक मोठे पशुपालन प्रकल्प आणि खतांचे कारखाने, आणि त्यांतली कितीतरी ताळेबंदांत नीट आलेलीच नव्हती. नैसर्गिक म्हणावं असं त्यात टांझानियातलं नॅट्रॉन सरोवर. तो नकाशा मी बराच वेळ बघत बसले होते.

पण शेतांच्या बाबतीत उपग्रह सांगतो ते जपून ऐकावं लागतं. एक तर तो हवेत किती आहे ते बघतो, जमिनीतून किती निघालं ते नव्हे. दुसरं असं की धुराड्यांतलं सल्फर कमी झालं की अमोनियाला चिकटायला आम्ल कमी मिळतं, तो वायुरूपात जास्त काळ राहतो, आणि शेतकऱ्यांनी खताचा एक दाणाही वाढवलेला नसताना वरून अमोनिया वाढलेला दिसतो. या चढत्या रेषेखाली ‘खतवापर वाढला’ असं लिहिणाऱ्यांना मी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघायला सांगते.

आता तशा कंसांबद्दल. आयपीसीसीच्या २०१९ च्या आवृत्तीत सगळ्या रासायनिक खतांसाठी मिळून ११ टक्के हा आकडा आहे आणि त्याची व्याप्ती २ ते ३३. वरच्या १०,००० टन नत्राच्या उदाहरणात म्हणजे उडालेला नत्र २०० टनांपासून ३,३०० टनांपर्यंत काहीही. असं असताना अहवालात ‘१,३०४.२७ टन’ छापलेलं दिसलं की मला हसू येतं. दशांश चिन्हानंतरचे ते दोन आकडे संगणकाने दिले, शेताने नाही. मी १,३०० लिहिते आणि शेजारी व्याप्ती लिहिते. त्यावर बैठकीत ‘एवढी मोठी व्याप्ती दिली तर लोक म्हणतील तुम्हाला काहीच माहीत नाही’ असं ऐकावं लागतं. उलट आहे. व्याप्ती कशामुळे आहे ते सांगता येतं, हीच माहिती. सामू किती भर घालतो, खताची मिसळण किती, पद्धत किती, हे वेगळं करून दाखवता येतं, आणि दाखवलं की कुठे मोजायला पैसे घालायचे तेही कळतं.

माझी खरी तक्रार मात्र व्याप्तीची नाही. तक्रार अशी, की आजच्या तक्त्याला शहाणपण दिसत नाही. एखाद्याने युरिया वरून फेकण्याऐवजी चर काढून मातीआड केला, त्याच्या शेतातला अमोनिया खूप कमी झाला, तरी माझ्या रकान्यात काही हलत नाही. कारण मला कळतं ते फक्त किती पोती आणि कसली. एखाद्याने युरिएजला काही दिवस थोपवणारं एनबीपीटी लावलेलं खत वापरलं, तर प्रयोगांत अमोनिया साधारण निम्म्यावर येतो, पण विक्रीच्या यादीत तो नुसता युरिया म्हणून नोंदला गेला तर गेलंच. उलटही होतं. नायट्रीकरण (अमोनियमचं नायट्रेट होणं) थोपवणारं द्रव्य लावलं की नायट्रस ऑक्साइड घटतो, पण अमोनियम वरच्या मातीत जास्त दिवस टिकून राहतं आणि अमोनिया वाढू शकतो. हे तक्त्याला ना इकडचं दिसतं ना तिकडचं. माझ्या सूत्रात शेतकऱ्याला सुधारणा दाखवायचा एकच मार्ग उरतो, खत कमी घेणं. आणि मग धोरण ठरवणारे खत कमी करा एवढंच बोलतात, कारण त्यांच्यासमोर ठेवलेल्या तक्त्यात दुसरा रकानाच नसतो.

म्हणून या खेपेला शेतीच्या सर्वेक्षणाच्या अर्जात दोन प्रश्न घुसवायचा मी हट्ट धरला आहे. अर्ज आधीच लांब आहे आणि प्रत्येक प्रश्नासाठी भांडावं लागतं. पहिला प्रश्न सरळ मान्य झाला: खत दिल्यावर ते वर राहिलं, की मातीआड केलं, आणि केलं तर त्याच दिवशी की नंतर. दुसऱ्यावर घोडं अडलं. मी लिहिलं होतं, ‘खत दिल्यापासून ४८ तासांत पाऊस किंवा पाणी मिळालं का?’ मोजणाऱ्या मित्राने कागद परत पाठवला. समासात लिहिलेलं, ‘शिडकाव्याला हो म्हणतील. मिलिमीटर विचार.’ मी त्याला फोन करून म्हटलं, अरे, पर्जन्यमापक कोणाच्या बांधावर असतो? शेवटी तीन पर्याय ठरले. पाणी मिळालं नाही. माती फक्त वरून भिजली. पाणी मुरून माती बोटभर खोल ओली झाली. बोटभर कुठल्या बोटाने, असं त्याचं अजून चालू आहे, पण अर्ज छपाईला गेला.